शिक्षा नंतर, आधी छळ थांबवा

जुलै २०२१ मध्ये 'गिटहब' या संकेतस्थळावर एक अ‍ॅप प्रकटले. देशातील अनेक मुस्लीम स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या नकळत त्यावर टाकून त्यांचा 'लिलाव' मांडण्यात आला होता. त्यांत पत्रकार होत्या, विद्यार्थिनी होत्या, कार्यकर्त्या होत्या. त्यांच्यातले समान सूत्र एवढेच की, त्या समाजमाध्यमांवर आपले मत निर्भयपणे मांडत होत्या. दिल्ली पोलिसांनी त्याच महिन्यात गुन्हा नोंदवला. पुढचे जवळपास सहा महिने कोणालाही अटक झाली नाही. १ जानेवारी २०२२ रोजी त्याच संकेतस्थळावर, त्याच धाटणीचे दुसरे अ‍ॅप आले. या वेळी मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने काही दिवसांतच बेंगळूरुमधून एका विद्यार्थ्याला ताब्यात घेतले. त्यानंतर उत्तराखंडात आणि आसामात अटका झाल्या. आणि त्याच महिन्यात, पहिल्या अ‍ॅपचा कथित निर्माताही दिल्ली पोलिसांना इंदूरमध्ये सापडला.

दोन्ही वेळा कायदा तोच होता आणि लावायची कलमेही जवळपास तीच होती. फरक पडला तो इच्छाशक्तीमुळे, असे म्हणून हा विषय संपवता येईल आणि ते खोटेही ठरणार नाही. परंतु मला या प्रकरणातली दुसरी बाब अधिक महत्त्वाची वाटते. पहिल्या अ‍ॅपचा कर्ता मोकळा होता म्हणूनच दुसरे अ‍ॅप निघण्याची हिंमत झाली. त्या सहा महिन्यांत त्या स्त्रियांच्या हाती काय होते? गुन्हा नोंदल्याचा कागद. छळ पुन्हा होऊ नये यासाठी जबाबदार असलेली एकही यंत्रणा त्यांच्या बाजूने उभी नव्हती. आपला कायदा गुन्हेगाराला काय शिक्षा द्यायची हे सविस्तर सांगतो. छळ आजच्या आज कसा थांबवायचा हे मात्र तो फारसे सांगत नाही. या लेखाचा विषय ही दुसरी, रिकामी जागा आहे.

कलमांची वाण नाही

'ऑनलाइन छळाविरुद्ध आपल्याकडे कायदाच नाही' हे वाक्य वारंवार ऐकू येते. ते बरोबर नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७८ पाठलागाबद्दल आहे. स्त्रीच्या इंटरनेटवरील वावरावर पाळत ठेवणे, तिने स्पष्ट नकार दिल्यानंतरही तिच्याशी संपर्काचा वारंवार प्रयत्न करणे हे त्यात येते. कलम ७५ लैंगिक छळाचे, ७७ चोरून चित्रण करण्याचे, ७९ स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याचे. कलम ३५१ धमकीचे. निनावी धमकीला त्यात वाढीव शिक्षा आहे. कलम ३५६ अब्रुनुकसानीचे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६क दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दल आहे, ६६ड तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल, ६६इ खासगीपणाच्या भंगाबद्दल. अश्लील मजकुरासाठी कलम ६७, लैंगिक कृत्याच्या चित्रणासाठी ६७अ आणि बालकांविषयीच्या अशा मजकुरासाठी ६७ब आहे.

याखेरीज विशेष कायदे आहेत. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा. सहकाऱ्याने किंवा वरिष्ठाने व्हॉट्सअ‍ॅपवर त्रास दिला तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आणि त्याखालील अंतर्गत समिती. जातीवरून समाजमाध्यमांवर केलेला अपमान हा 'सार्वजनिक दृष्टिपथातील' अपमान ठरतो आणि त्याला अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. तृतीयपंथीयांच्या छळासाठी २०१९ च्या कायद्यात कलम १८ आहे. अर्थात त्यातील कमाल शिक्षा केवळ दोन वर्षांची आहे, हा त्या कायद्यावरचा एक जुना आणि रास्त आक्षेप.

मनात आणले तर ही कलमे चालतातही. चेन्नईत २००४ मध्ये याहूवरील एका गटात एका घटस्फोटित स्त्रीविषयी बीभत्स मजकूर टाकणाऱ्याला सुमारे सात महिन्यांत शिक्षा झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील ती देशातील पहिल्या शिक्षांपैकी एक. पश्चिम बंगालमधील तमलुक येथील न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये, एका तरुणीची खासगी दृश्ये सूड म्हणून पसरवणाऱ्याला पाच वर्षांचा कारावास दिला. तक्रार आदल्या वर्षाच्या मध्यावर झाली होती.

मात्र ही उदाहरणे वारंवार सांगावी लागतात, याचाच अर्थ ती अपवाद आहेत.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात सायबर गुन्ह्यांची ६५,८९३ प्रकरणे नोंदली गेली. २०२३ मध्ये ती ८६,४२० झाली. एका वर्षात एकतीस टक्क्यांची वाढ. पण हेतूनुसार केलेले वर्गीकरण पाहावे. २०२३ च्या प्रकरणांपैकी ५९,५२६ म्हणजे जवळपास ६९ टक्के प्रकरणे फसवणुकीची होती. लैंगिक शोषणाच्या हेतूची ४,१९९, म्हणजे पाच टक्क्यांच्याही आत. ज्या देशात कोट्यवधी स्त्रिया आणि मुले हातात फोन घेऊन वावरतात, तिथे वर्षभरात चार हजारांच्या आसपासच अशी प्रकरणे घडली असतील, यावर कोणाचा विश्वास बसेल? ही छळाची मोजणी नव्हे. छळ सोसून ठाण्यापर्यंत पोहोचलेल्या आणि तिथून नोंद पदरात पाडून घेऊ शकलेल्यांची ही मोजणी आहे.

राज्यसंस्थेचे लक्ष कुठे आहे हेही यातून दिसते. खात्यातून पैसे गेले तर १९३० क्रमांकावर फोन करा, बँका ती रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठवण्याचा प्रयत्न करतील, अशी व्यवस्था २०२१ पासून उभी राहिली. ती चांगली आहे आणि तिने अनेकांचे पैसे वाचवले आहेत. पैशाच्या बाबतीत पहिला तास सोन्याचा, हे सरकारने ओळखले. अब्रूच्या बाबतीतही पहिला तास सोन्याचाच असतो. एखाद्या मुलीचे बनावट छायाचित्र दुपारी एका गटात पडते आणि संध्याकाळपर्यंत गावभर फिरते. पैसे गोठवायला यंत्रणा आहे, छायाचित्र गोठवायला नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर स्त्रिया व बालकांविषयीच्या गुन्ह्यांची निनावी तक्रारही करता येते, परंतु तक्रार मिळाल्याची पोच म्हणजे प्रसार थांबल्याची हमी नव्हे.

ठाण्याचा उंबरठा

पीडित व्यक्ती ठाण्यात गेली की पहिला प्रश्न येतो, गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र? धमकी आणि अब्रुनुकसानी हे केंद्रीय परिशिष्टानुसार अदखलपात्र. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. 'एनसी' लिहून घेतली जाते, तिचा क्रमांक दिला जातो आणि प्रकरण तिथेच निजते. पाठलागाचा गुन्हा दखलपात्र आहे, पण पहिल्या वेळी जामीनपात्र. शिवाय त्याची व्याख्याच 'पुरुषाने स्त्रीचा' अशी आहे. एखाद्या तरुणाला, समलिंगी व्यक्तीला किंवा वयस्कर शिक्षकाला टोळीने मिळून दिवसरात्र छळले, तर हे कलम त्यांच्या कामाचे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. छोट्या ठाण्यांत असा अधिकारी एखादाच, आणि त्याच्यापुढे खून-दरोड्यांची रांग.

आणि मग तो सल्ला, जो या देशातील बहुतेक पीडितांनी कधी ना कधी ऐकला आहे : 'खाते बंद करून टाका.' माझ्या परिचयातील एका शिक्षिकेला हेच ऐकवले गेले. तिच्या नावाने कोणीतरी खोटे खाते उघडून पालकांना घाणेरडे संदेश पाठवत होते. तिने स्वतःचे खाते बंद केल्याने खोटे खाते कसे बंद होणार होते, याचे उत्तर तिला मिळाले नाही. छळणाऱ्याने रस्ता अडवला तर चालणाऱ्यानेच घरी बसावे, या जुन्या न्यायाची ही नवी आवृत्ती आहे.

कायद्यात यावर उपाय आहेत. ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार कोणत्याही ठाण्यात, हद्दीचा विचार न करता देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवून तीन दिवसांत सही करता येते. मात्र याच कलमाने तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभाही दिली आहे. छळाची बरीच कलमे नेमकी याच पट्ट्यात येतात. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार आणि त्यानंतर कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हा मार्ग खरा आहे, पण तो चालण्यासाठी वकील, वेळ आणि धीर लागतो. आणि छळ नेमका याच तीन गोष्टींवर घाव घालतो.

पुराव्याचे ओझे

खटला उभा राहिलाच तर पुराव्याचा प्रश्न येतो. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले की, मूळ उपकरण सादर केले जात नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवेच. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने ही अट आणखी काटेकोर केली. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि त्यात त्या फाइलचे 'हॅश' मूल्य नोंदवायचे. डिजिटल पुराव्यात फेरफार सहज होऊ शकतो, म्हणून ही सावधगिरी तत्त्वतः योग्यच आहे. पण बीड किंवा बालाघाटच्या मुलीने, स्क्रीनशॉट घेऊन घाबरत ठाण्यात आल्यावर, हा तज्ज्ञ आणायचा कुठून? शिक्षेसाठी लागणारा पुरावा कठोर असलाच पाहिजे. छळ थांबवण्यासाठीही तेवढाच पुरावा मागितला, तर थांबवणे कधीच वेळेत होणार नाही.

कंपनीच्या दारात

तिसरा मार्ग समाजमाध्यम कंपन्यांचा. २०२१ च्या नियमांनी पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना भारतात निवासी तक्रार अधिकारी आणि अनुपालन अधिकारी नेमणे भाग पाडले. नग्नता किंवा बनावट लैंगिक दृश्यांची तक्रार पीडित व्यक्तीने केल्यास मजकूर हटवण्यासाठी तेव्हा २४ तासांची मुदत घालण्यात आली. कंपनीने दाद दिली नाही तर तीस दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येते. या समित्या जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या गेल्या. हा मार्ग विनाशुल्क आहे आणि प्रत्येकाने तो वापरावा.

पण त्याच्या मर्यादा स्पष्ट आहेत. तातडीची मुदत लैंगिक दृश्यांना आहे. रोज शंभर खात्यांवरून येणाऱ्या शिव्यांना, घरचा पत्ता जाहीर करण्याला किंवा 'हिला धडा शिकवा' अशा चिथावणीला ती नाही. शिवाय एक दुवा हटवला की दुसरा उगवतो. दिल्ली उच्च न्यायालयात २०२१ मध्ये आलेल्या प्रकरणात एका स्त्रीची समाजमाध्यमांवरील साधी छायाचित्रे अश्लील संकेतस्थळावर नेण्यात आली होती आणि न्यायालयाच्या आदेशानंतरही ती पुन्हा पुन्हा उगवत होती. याच न्यायालयाने २०२३ मधील दुसऱ्या प्रकरणात, अशी दृश्ये हटवण्यासाठी पीडितेने प्रत्येक वेळी नवा दुवा शोधून पुन्हा दारात यावे अशी अपेक्षा ठेवता येणार नाही, या आशयाची भूमिका घेतली. ती महत्त्वाची आहे. परंतु तिचा लाभ घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत पोहोचावे लागते.

आणि तिथे कोण पोहोचते? नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांना दिल्ली उच्च न्यायालयाने, जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंह यांना मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे नाव, आवाज व प्रतिमा यांच्या गैरवापराविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. अज्ञात प्रतिवादींवरही बंधनकारक होणारे आणि मजकूर हटवायला लावणारे आदेश अशा दाव्यांत मिळतात. त्या कलावंतांना ते मिळाले याबद्दल माझी तक्रार नाही. यातून एवढेच सिद्ध होते की, तत्काळ थांबवणारा आदेश भारतीय कायद्यात अशक्य नाही. जो उपाय अब्जाधीश प्रतिमेला मिळतो, तो नर्सिंगच्या विद्यार्थिनीला तालुक्याच्या न्यायालयात का मिळू नये, हा माझा प्रश्न आहे.

६६अ चा धडा

येथे एक नेहमीचे उत्तर पुढे येते : मग कडक कायदा करा, 'ट्रोलिंग' हा गुन्हा ठरवा. या उत्तरापासून सावध राहायला हवे, कारण ते आपण एकदा करून पाहिले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ ने 'त्रासदायक', 'गैरसोयीचा' आणि 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठवणे गुन्हा ठरवले होते. त्याचा बळी कोण ठरले? नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर शंका उपस्थित करणारी पालघरची एक तरुणी, आणि ती टिप्पणी केवळ 'लाइक' करणारी तिची मैत्रीण. दोघींना अटक झाली. त्या घटनेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरले. त्यानंतरही अनेक ठाण्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदले जात राहिले आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याबद्दल तीव्र आश्चर्य व्यक्त करावे लागले.

केरळने नोव्हेंबर २०२० मध्ये तीच वाट धरली. स्त्रियांवरील सायबर हल्ले रोखण्याच्या नावाखाली पोलीस कायद्यात ११८अ हे कलम वटहुकुमाने घालण्यात आले. कोणत्याही माध्यमातून केलेल्या मानहानीकारक अभिव्यक्तीला तीन वर्षांपर्यंत कैद, असा त्याचा आवाका होता. टीकेचा भडिमार होताच काही दिवसांतच सरकारने माघार घेतली. धडा दोन्हीकडे एकच. शब्दांना गुन्हा ठरवले आणि त्याचा पहिला निवाडा पोलिसांच्या हाती दिला की कायदा दुबळ्याच्या नव्हे, बलवानाच्या कामी येतो. अब्रुनुकसानीच्या फौजदारी तरतुदीचेही तेच झाले आहे. लैंगिक छळाविषयी बोलणाऱ्या प्रिया रामाणी यांनाच आरोपी म्हणून उभे राहावे लागले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या निर्दोष सुटल्या, पण त्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ त्यांना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

२००५ च्या कायद्यातील किल्ली

मग नवा गुन्हा नको आणि जुनी कलमे अपुरी, तर मार्ग कोणता? तो आपल्याच कायद्यात आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने फौजदारी शिक्षेच्या आधी 'संरक्षण आदेश' ठेवला. पीडित स्त्री थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांच्या आत ठेवायची, अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा, तातडी असेल तर समोरच्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वीही अंतरिम आदेश द्यायचा. आदेश मोडला तरच गुन्हा घडतो. त्याला एक वर्षापर्यंत कैद. आणि कलम १८ मध्ये प्रतिबंध करता येण्याजोग्या कृत्यांत इलेक्ट्रॉनिक किंवा दूरध्वनीवरील संपर्काचाही स्पष्ट उल्लेख आहे. स्मार्टफोन आपल्या खिशात येण्यापूर्वी केलेल्या या कायद्याने ही दूरदृष्टी दाखवली. दोष एकच. तो फक्त घरगुती नात्यातील छळाला लागू होतो. एकेकाळच्या पतीने पाठवलेल्या संदेशांवर हा आदेश मिळू शकतो. वर्गमित्राने, शेजाऱ्याने किंवा अनोळखी टोळीने पाठवलेल्या संदेशांवर नाही.

संसदेने हीच किल्ली नात्याच्या चौकटीबाहेर न्यावी, असे मी सुचवतो. एखाद्या विशिष्ट व्यक्तीला लक्ष्य करून वारंवार केला जाणारा छळ, तिची खासगी दृश्ये वा खासगी माहिती पसरवणे, तिच्या नावाने तोतयेगिरी करणे, एवढ्या निश्चित वर्तनापुरता हा आदेश असावा. अर्ज स्त्री, पुरुष, तृतीयपंथी कोणालाही, राहत्या ठिकाणच्या दंडाधिकाऱ्यांकडे, विनाशुल्क आणि ऑनलाइन करता यावा. तीन दिवसांत अंतरिम आदेश मिळावा आणि छळणारा अज्ञात असेल तर तो थेट कंपनीवर बंधनकारक व्हावा : मजकूर आणि त्याच्या प्रती हटवा, पुरावा जपून ठेवा, खातेदाराची माहिती बंद लिफाफ्यात न्यायालयाला द्या. इथे पुराव्याची पातळी दिवाणी दाव्याची असावी, फौजदारी शिक्षेची नव्हे. आदेश पाळला नाही तर कंपनीचे कायदेशीर कवच जावे आणि व्यक्तीला शिक्षा व्हावी.

जगात असे प्रयोग झाले आहेत. न्यूझीलंडने २०१५ च्या कायद्याने 'नेटसेफ' ही संस्था तक्रारींसाठी नेमली आणि जिल्हा न्यायालयाला मजकूर हटवण्याचे व वर्तन थांबवण्याचे आदेश देण्याचा अधिकार दिला. ऑस्ट्रेलियाने याच वर्षी ऑनलाइन सुरक्षेसाठी आयुक्त नेमला. २०२१ च्या कायद्याने त्याचे अधिकार वाढवले. मला आयुक्तापेक्षा न्यायालयाचा मार्ग अधिक पसंत आहे. आपल्याकडे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती मजकूर हटवण्याची कळ दिली, तर ती कोणासाठी दाबली जाईल, याविषयी निश्चिंत राहण्यासारखा अनुभव नाही.

आक्षेप आणि उत्तरे

हा आदेशही टीकेचे तोंड बंद करण्यासाठी वापरला जाईल, ही भीती मी हलकी मानत नाही. म्हणून त्यात कुंपणे हवीत. अर्ज जिवंत व्यक्तीलाच करता यावा. सरकार, पक्ष, कंपनी किंवा संस्थेला नाही. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामावरील टीका, पत्रकारिता आणि अन्यायाविषयीची तक्रार यांना स्पष्ट सूट असावी. एकतर्फी अंतरिम आदेश चौदा दिवसांत दुसऱ्या बाजूचे ऐकून पुष्ट केला नाही तर आपोआप गळून पडावा. खोट्या अर्जाचा खर्च अर्जदारावर बसावा. कलम ६६अ आणि हा आदेश यांतील मूलभूत फरक असा की, इथे पोलिसांच्या आधी न्यायाधीश येतो आणि अटकेच्या आधी ताकीद येते.

दुसरा आक्षेप न्यायालयांवरील ताणाचा. तो खरा आहे. २००५ च्या कायद्यातील साठ दिवसांची मुदतही अनेक न्यायालयांत कागदावरच राहते आणि संरक्षण अधिकाऱ्यांच्या माथी इतर खात्यांची कामे असतात. परंतु थांबवण्याच्या आदेशाला लागणारी सुनावणी ही काही वर्षे रेंगाळणाऱ्या फौजदारी खटल्यापेक्षा न्यायव्यवस्थेला स्वस्तच पडेल. आणि वेळेत थांबलेला छळ पुढच्या कितीतरी गुन्ह्यांचे मूळ कापतो.

तिसरा प्रश्न मुलांचा आहे आणि तो सर्वात नाजूक. शाळकरी मुलांमधील दमदाटी आता वर्गाच्या भिंतीत राहिलेली नाही; ती गटांतून घरापर्यंत येते. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी विनियम आहेत, महाराष्ट्राचा १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे देताना शैक्षणिक संस्थांत रॅगिंग व छळाविरुद्ध गोपनीय तक्रार यंत्रणा असण्यावर भर दिला. पण तेरा वर्षांच्या मुलाने वर्गमित्राची टिंगल करणारी चित्रफीत फिरवली, तर त्याला ठाण्यात नेणे हा उपाय नव्हे. तिथे चित्रफीत हटवण्याचा आदेश कंपनीला आणि दोन्ही मुलांच्या समुपदेशनाची जबाबदारी शाळेला, एवढेच पुरे. 'थांबवा' आणि 'शिक्षा करा' या दोन गोष्टी वेगळ्या केल्याचा सर्वात मोठा लाभ मुलांनाच होईल. पीडित मुलाचे रक्षण होईल आणि चुकलेल्या मुलाच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का बसणार नाही.

तोवर काय?

संसद जागी होईपर्यंत पीडितांनी आहे ती हत्यारे वापरायला हवीत. संदेश पुसू नयेत. दुवा, तारीख व वेळ दिसेल अशी चित्रे घ्यावीत आणि मूळ फोन जपावा. कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. ठाण्यात तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असे होऊ देऊ नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी १५१०० ही मदतवाहिनी आहे. बालकांसाठी १०९८ आहे. आणि घरच्यांनी एवढे करावे की, 'तू फोटो टाकलासच कशाला?' हा प्रश्न विचारू नये.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एकमताने सांगितले. हक्क म्हणजे भंग झाल्यावर मिळणारी सहानुभूती नव्हे. भंग होत असताना तो रोखणारी व्यवस्था जिथे असते, तिथेच हक्क असतो. छळणाऱ्याला पाच वर्षांनी तुरुंगात पाठवणारा कायदा आपल्याकडे आहे. छळ होणारीला आज रात्री झोप येईल असा कायदा आपण अजून केलेला नाही.